झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधं देण्याच्या कामात झोपेच्या गोळ्यांबद्दलचे तेच ते प्रश्न रोज कानावर पडतात. विचारणारे बहुतेक जण आधीच गोळी घेत असतात आणि मनात धास्ती असते. म्हणून उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत. या गोळ्या वाईट नाहीत. योग्य माणसाला, मोजक्या दिवसांसाठी दिल्या तर मोठा आधार होतात. पण ज्या दिवशी गोळी सुरू होते, त्याच दिवशी ती कधी आणि कशी बंद होणार हेही ठरलेलं असावं, असं माझं ठाम मत आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: तुमची गोळी चालू असेल, तर हे वाचून ती एकाएकी बंद करू नका. का, ते पुढे येईलच.

झोपेची गोळी मेंदूत नेमकं काय करते?

मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना सतत निरोप देत असतात. काही निरोप पेशीला चेतवणारे, काही तिला शांत करणारे. शांत करणारा निरोप मुख्यतः गाबा नावाचं रसायन पोचवतं. पेशीच्या आवरणावर गाबासाठी रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणाऱ्या ठरावीक जागा, असतात. गाबा तिथे येऊन बसला की रिसेप्टरमधली बारीक वाट उघडते, ऋणभार असलेले क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी काही क्षण सहजासहजी चेतत नाही.

डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम ही सगळी बेंझोडायझेपीन गटातली औषधं. ती याच रिसेप्टरवर, पण गाबाच्या शेजारच्या वेगळ्या जागी बसतात. वाट ती स्वतः उघडत नाहीत. गाबा आला की वाट एरवीपेक्षा जास्त वेळा उघडते, एवढंच त्यांचं काम. झोल्पिडेम आणि झोपिक्लोन रासायनिकदृष्ट्या वेगळी असली, तरी तीही त्याच जागी बसतात.

अडचण अशी की गाबाचे रिसेप्टर फक्त झोपेशी संबंधित भागात नसतात. ते स्मरणशक्तीच्या भागात असतात, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत असतात, निर्णय घेणाऱ्या भागातही असतात. म्हणून एकाच गोळीने झोप येते, काळजी कमी होते, स्नायू सैल पडतात, आकडी थांबते. आणि त्याच गोळीने पाय अडखळतात, रात्रीचं बोलणं सकाळी आठवत नाही. हवा तो परिणाम तेवढा घ्यायचा आणि नको तो ठेवून द्यायचा, अशी सोय नाही.

शामक औषध आणि झोपेचं औषध वेगवेगळं असतं का?

बऱ्याचदा फरक डोसचा असतो. थोड्या डोसला माणूस शांत होतो, त्याहून जास्त डोसला झोपतो, आणि काही औषधांचा डोस आणखी वाढवला तर भूल चढते. डॉक्टर कोणतं औषध कशासाठी वापरतात हे त्याचा असर किती लवकर सुरू होतो आणि किती वेळ टिकतो यावर ठरतं.

पूर्वी लोक झोपेच्या गोळ्यांनी मरत, हे खरं आहे का? आताच्या गोळ्या तशाच आहेत का?

खरं आहे. १९०३ साली बार्बिटाल आलं, १९१२ साली फेनोबार्बिटाल, आणि पुढची जवळपास पाच दशकं झोपेसाठी बार्बिट्युरेट गटाचाच वापर चालला. ही औषधं क्लोराइडची वाट जास्त वेळ उघडी धरतात आणि डोस मोठा असेल तर गाबा नसतानाही उघडतात. त्यामुळे त्यांच्या परिणामाला वरची मर्यादा राहत नाही. श्वास चालवणारं केंद्रही बंद पडतं. झोपवणारा डोस आणि जीव घेणारा डोस यांच्यात फार थोडं अंतर असे.

१९६० साली क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ साली डायझेपाम आलं. ही औषधं गाबावर अवलंबून असल्याने एकटी घेतली तर त्यामानाने बरीच सुरक्षित ठरली, आणि बार्बिट्युरेट मागे पडली. इथून एक मोठा गैरसमज रुजला: नवी गोळी म्हणजे निर्धोक गोळी. बेंझोडायझेपीनची सवय लागते हे सगळ्यांच्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली. झोल्पिडेम १९९०च्या दशकात पसरलं तेव्हाही सुरुवातीला तसंच बोललं गेलं.

अगदी अलीकडचा गट वेगळ्या वाटेने जातो. मेंदूत जागं ठेवणारं ओरेक्सिन नावाचं रसायन असतं. त्याचा शोध १९९८ साली लागला. सुवोरेक्झंट, लेम्बोरेक्झंट, डॅरिडोरेक्झंट ही औषधं ओरेक्सिनचा निरोप अडवतात. सवय लागण्याचा धोका यांत कमी दिसतो. सकाळची सुस्ती मात्र यांनीही येऊ शकते.

गोळीने आलेली झोप खऱ्या झोपेसारखीच असते का?

पूर्णपणे नाही. बेंझोडायझेपीनमुळे झोप लवकर लागते आणि मध्ये जाग कमी येते, पण गाढ झोपेचा टप्पा आखडतो आणि हलक्या झोपेचा वाटा वाढतो. त्यामुळे आठ तास पडून राहूनही काहींना सकाळी ताजंतवानं वाटत नाही.

अपेक्षाही बेताचीच ठेवावी. झोल्पिडेमच्या गटातल्या गोळ्यांनी झोप लागायला लागणारा वेळ, नुसत्या साखरेच्या गोळीच्या तुलनेत, सरासरी सुमारे २० मिनिटांनी कमी होतो. बरेच लोक तासन्‌तास फरक पडल्याचं सांगतात. त्याचं एक कारण असं असू शकतं की मध्ये आलेली जाग त्यांना आठवतच नाही.

गोळीचा असर किती वेळ राहतो?

हा प्रश्न गोळीच्या मिलिग्रॅमपेक्षा महत्त्वाचा आहे, आणि फार कमी लोक विचारतात. शरीरातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ म्हणजे अर्धायु. झोल्पिडेमचा अर्धायु साधारण अडीच तास, झोपिक्लोनचा पाच तासांच्या आसपास, अल्प्राझोलामचा अकरा, लोराझेपामचा बारा. क्लोनाझेपामचा तीस ते चाळीस तास. डायझेपामचं तर विचारूच नका: ते स्वतः एक-दोन दिवस रेंगाळतं आणि यकृतात त्याचं जे रूपांतर होतं, तो पदार्थही गुंगी आणणाराच असतो आणि काहींच्या शरीरात निम्म्यावर यायला शंभर तासही घेतो.

याचा व्यवहारातला अर्थ काय? क्लोनाझेपाम रोज रात्री घेतलं तर कालचा डोस निम्म्यावरही आलेला नसताना आजचा त्यावर चढतो. पहिल्या रात्री काहीच जाणवलं नाही म्हणून निर्धास्त झालेला माणूस आठवड्याभरात दिवसा पेंगू लागतो, आणि त्याला वाटतं झोप अजून पुरत नाही, गोळी वाढवावी.

सकाळी गाडी चालवली तर चालेल का?

गोळी नवी असेल, डोस वाढवला असेल किंवा रात्री उशिरा घेतली असेल तर चालवू नका. 'मला काही जाणवत नाही' हा पुरावा धरू नका. गुंगीत स्वतःच्या सुस्तीचा अंदाजही चुकतो. झोल्पिडेमचा साधा १० मिलिग्रॅमचा डोस घेतल्यावर आठ तासांनीही साधारण १०० पैकी १५ स्त्रियांच्या आणि ३ पुरुषांच्या रक्तात गाडी चालवणं धोक्याचं ठरेल इतकं औषध आढळलं. त्यावरून २०१३ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने स्त्रियांसाठीचा डोस निम्मा, म्हणजे ५ मिलिग्रॅम करायला लावला.

गोळी कधी आणि कशी घ्यावी?

झोल्पिडेमसारखी लवकर चढणारी गोळी घ्यायची ती थेट अंथरुणावर बसून. दार लावलं, दिवे बंद केले, फोन बाजूला ठेवला, मग गोळी. आधी गोळी घेऊन मग आवराआवर करत बसू नका. पुढे किमान सात-आठ तास झोपायला मिळणार असतील तरच घ्या. पहाटे तीनला जाग आली म्हणून दुसरी गोळी घेऊ नका. भरपेट, तेलकट जेवणानंतर लगेच घेतली तर असर उशिरा सुरू होतो, आणि 'लागू पडत नाही' म्हणून माणूस दुसरी तोंडात टाकतो. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मोडू किंवा चावू नयेत.

दारूबरोबर किंवा इतर औषधांबरोबर घेतली तर?

सगळ्यात जास्त अपघात इथेच होतात, म्हणून थोडं थांबून वाचा.

दारूसुद्धा गाबाच्या रिसेप्टरवर काम करते. दोन्ही एकत्र आली की परिणाम नुसता जोडला जात नाही, श्वास मंदावतो. 'संध्याकाळी एकच घेतली होती' हेही चालत नाही. ट्रामाडॉल, कोडीन, मॉर्फिन यांसारखी ओपिऑइड वेदनाशामकं श्वासाचं केंद्र दुसऱ्या मार्गाने दाबतात. बेंझोडायझेपीन आणि ओपिऑइड एकत्र देण्याबाबत अमेरिकेत २०१६ साली सर्वात कडक इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापणं बंधनकारक झालं. ही जोडी डॉक्टरांना पर्याय उरला नाही तरच देतात, आणि तीही लहान डोसमध्ये, लक्ष ठेवून.

काही औषधं गुंगी आणत नाहीत, पण गोळी शरीरातून बाहेर पडू देत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, केटोकोनाझोल किंवा इट्राकोनाझोल ही बुरशीवरची औषधं घेतली तर अल्प्राझोलामची रक्तातली पातळी चांगलीच वाढते. उलट क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनमुळे ती इतकी घसरते की गोळी घेतली न घेतली सारखंच.

आणि मग लपलेली शामकं. औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली की अनेकदा असं दिसतं: झोपेसाठी क्लोनाझेपाम एका डॉक्टरांचं. पोटाच्या कळांसाठी दुसऱ्यांनी दिलेली कॅप्सूल, तिच्यात क्लिडिनियमबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड. उदासीसाठी तिसरी गोळी, तिच्यात अ‍ॅमिट्रिप्टिलीनबरोबर पुन्हा क्लोरडायझेपॉक्साइड. वर सर्दीसाठी स्वतःहून घेतलेली झोप आणणारी अँटीहिस्टामिनची गोळी. एका माणसाच्या पोटात चार शामकं, आणि त्याच्या हिशेबी झोपेची गोळी एकच. पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं नाव वाचून हे कळत नाही. खाली बारीक अक्षरात छापलेले घटक वाचावे लागतात. पिशवी आहे तशी डॉक्टरांसमोर नेऊन ठेवा.

वयस्कर माणसांना जास्त त्रास का होतो?

तीन कारणं एकत्र येतात. वयाबरोबर मेंदू या औषधांना जास्त संवेदनशील होतो. यकृत अनेक औषधं हळू पचवतं. आणि शरीरात चरबीचं प्रमाण वाढतं; डायझेपामसारखं चरबीत मुरणारं औषध तिथे साठून राहतं. चाळिशीत सहज सोसलेली गोळी पंचाहत्तरीत त्याच डोसला जड जाते.

धोका नेमका कुठे असतो ते सांगतो. रात्री दोन-अडीचला लघवीला उठणं. गोळीचा असर ऐन भरात, खोलीत अंधार, पाय सैल, एकदम उभं राहिल्याने रक्तदाब खाली. पलंग ते न्हाणीघर ही चार पावलं, आणि तिथे खुब्याचं हाड मोडतं. गोळी चालू असेल तर वाटेवर रात्रभर मंद दिवा हवा, पलंगाच्या कडेवर दोन मिनिटं बसूनच उठावं, आणि झोपण्याआधी पाणी कमी प्यावं. दिवसा गोंधळल्यासारखं बोलणं, नावं विसरणं, चालताना झोकांड्या जाणं हे 'वयाचं' म्हणून सोडून देऊ नका. गोळी आधी तपासा. डोस कमी झाल्यावर पुन्हा नीट बोलू-चालू लागलेली आजी घरच्यांना पाहायला मिळते तेव्हा त्यांना जे वाटतं, ते शब्दांत सांगता येत नाही.

वयस्करांना टाळावीत अशा औषधांच्या बीअर्स यादीत बेंझोडायझेपीन आणि झोल्पिडेमचा गट दोन्ही आहेत. द्यायचंच ठरलं तर लोराझेपामसारखं, यकृतावर कमी भार टाकणारं औषध लहान डोसमध्ये देण्याकडे डॉक्टरांचा कल असतो.

गोळीची सवय लागते का?

लागू शकते, आणि त्यासाठी व्यसनी स्वभाव लागत नाही. रोज बाहेरून शांत करणारा धक्का मिळाला की मेंदू स्वतःला जुळवून घेतो. रिसेप्टर पूर्वीइतका प्रतिसाद देईनासे होतात. मग तोच डोस अपुरा वाटू लागतो. काही आठवडे रोज घेतल्यावरही हे घडू शकतं. म्हणूनच झोपेसाठी बेंझोडायझेपीन दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नयेत, असं मार्गदर्शक सूचना सांगतात.

इथे अनेकांची एक फसगत होते. गोळी बंद केल्यावर पहिल्या काही रात्री झोप आधीपेक्षाही वाईट होते. हा बंद केल्याचा तात्पुरता परिणाम असतो. माणूस मात्र समजतो की मूळ आजारच बळावला, आता गोळीशिवाय आपल्याला झोप येणारच नाही. आणि पुन्हा सुरू करतो.

मग बंद कशी करायची?

हळू. एकदम कधीच नाही. अनेक महिने घेतलेली बेंझोडायझेपीन एका दिवसात सोडली तर थरथर, घाम, छातीत धडधड, तीव्र अस्वस्थता येते; काहींना आकडी येते, भ्रम होतो, आणि यात जीवही जाऊ शकतो. लवकर उतरणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांना हा त्रास लवकर आणि जोरात होतो. प्रवासात गोळ्या संपल्या, डॉक्टर सुट्टीवर गेले, अशा साध्या कारणांनीही हे ओढवतं. म्हणून शेवटची पट्टी उघडली की लगेच पुढची सोय करा.

बरेच डॉक्टर दर दोन ते चार आठवड्यांनी चालू डोसच्या ५ ते १० टक्के कमी करत जातात. अनेक वर्षं घेणाऱ्यांना यात कित्येक महिने, कधी वर्षही जातं. शेवटचे टप्पे सर्वात अवघड असतात, कारण छोट्या गोळीचे आणखी तुकडे करावे लागतात. तिथे काही औषधांचे थेंब किंवा दुसऱ्या, सावकाश उतरणाऱ्या गोळीवर नेणं असे मार्ग डॉक्टर काढतात. त्रास झाला तर त्याच डोसवर थोडे दिवस थांबायचं. थांबणं म्हणजे हरणं नव्हे. मध्येच एखाद्या वाईट रात्री जुना डोस घेतला गेला, तर तो लपवू नका, सांगा.

गोळी घेऊन लोक झोपेत चालतात, स्वयंपाक करतात, हे खरं का?

हो. झोल्पिडेम, झोपिक्लोन आणि त्यांच्या गटात हे दिसतं. माणूस उठतो, खातो, फोन करतो, क्वचित गाडीही बाहेर काढतो, आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. गंभीर इजा आणि मृत्यू झाल्यामुळे अमेरिकेत २०१९ साली याबद्दलचा कडक इशारा आला. असं एकदाही घडलं तर ती गोळी पुन्हा घेऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.

सर्दीच्या गोळीने किंवा मेलाटोनिनने काम भागेल का?

डायफेनहायड्रामिन, डॉक्सिलामिन या अँटीहिस्टामिनने पेंग येते, पण रोज घेतल्यास थोड्याच दिवसांत तो परिणाम ओसरतो. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता, लघवी अडणं आणि वयस्करांमध्ये गोंधळ उडणं हे मात्र होत राहतं. रोजची झोपेची गोळी म्हणून त्या अजिबात नकोत.

मेलाटोनिन शरीराला रात्र झाल्याचं कळवणारं संप्रेरक आहे. दूरच्या विमानप्रवासानंतर किंवा झोपेची वेळ फार पुढे सरकलेली असेल तर ते उपयोगी पडतं. साध्या निद्रानाशात त्याचा परिणाम बेताचाच.

मी खूप घोरतो. गोळी चालेल का?

आधी तपासणी. घोरताना मध्येच श्वास थांबत असेल तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. शामकांनी घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात आणि श्वास अडकल्यावर माणसाला जागं करणारी शरीराची प्रतिक्रियाही मंदावते. शेजारी झोपणाऱ्याला विचारा. स्वतःला हे कळत नाही.

गरोदरपणात किंवा स्तनपान चालू असताना?

स्वतःहून घेऊ नका आणि आधीपासून चालू असेल तर स्वतःहून बंदही करू नका. प्रसूतीच्या जवळ घेतलेल्या बेंझोडायझेपीनमुळे बाळ सुस्त, ढिलं जन्मू शकतं, नीट दूध ओढत नाही. दूधातूनही औषध उतरतं. १९५७ साली थॅलिडोमाइड हे शामक म्हणूनच बाजारात आलं होतं, आणि १९६१ साली मागे घेईपर्यंत हजारो बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. गरोदरपणातल्या औषधांबाबत जग इतकं सावध झालं ते त्यानंतर.

गोळीशिवाय उपाय आहे का?

आहे, आणि जुनाट निद्रानाशासाठी तोच आधी करायचा असतो. निद्रानाशासाठीची संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धती, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलण्याची पद्धत, साधारण सहा ते आठ बैठकांत शिकवतात. २०१६ साली अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनेही तिला गोळीच्या आधीचं स्थान दिलं. तिचा गाभा थोडा उलटा वाटतो: अंथरुणातला वेळ वाढवायचा नाही, कमी करायचा. पाच-साडेपाच तासच झोप लागते आणि पडून राहणं नऊ तास, असं असेल तर सुरुवातीला अंथरुणात साडेपाच तासच घालवायचे, उठण्याची वेळ रोज ठरलेली. झोप साचते, सलग होते, मग हळूहळू वेळ वाढवतात. पहिले दोन आठवडे कठीण जातात. तेव्हा गाडी चालवताना जपावं. आकडी किंवा बायपोलर आजार असणाऱ्यांनी हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं.

दुपारनंतरचा चहा-कॉफी बंद करणं एवढ्यानेही काहींची झोप सुधारते. कॅफिनचा अर्धायु पाच तासांच्या आसपास असतो.

घरात कोणाला दिलेली गोळी मी घेतली तर?

नको. त्यांचा डोस, त्यांचं वय, त्यांची इतर औषधं वेगळी. उरलेल्या गोळ्या घरात पडू देऊ नका, औषधविक्रेत्याला विचारून नष्ट करा. चालू गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी कुलपात ठेवा. घरात कोणी खूप निराश असेल तर एका वेळी थोड्याच दिवसांच्या गोळ्या आणाव्यात आणि त्या दुसऱ्याने सांभाळाव्यात.

कोणी जास्त गोळ्या घेतल्या असतील तर काय करायचं?

लगेच रुग्णवाहिका बोलवा. माणूस जागा आहे, बोलतो आहे म्हणून वाट पाहू नका. शुद्ध हरपत असेल पण श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. उलटी करवू नका, कॉफी पाजू नका, थंड पाण्याखाली धरू नका. झोपून उतरेल म्हणून एकटं सोडू नका. श्वास थांबला तर छातीवर दाब देणं सुरू करा. त्याने जीव देण्याच्या विचाराने गोळ्या घेतल्या असतील, तर त्या क्षणी जाब विचारू नका, जवळ थांबा.

रिकाम्या पट्ट्या, बाटल्या, जे सापडेल ते सोबत घ्या. बेंझोडायझेपीनवर फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, पण कित्येक महिने गोळी घेणाऱ्याला तो दिला तर आकडी येऊ शकते. म्हणून डॉक्टर विचारतील: ही गोळी किती दिवसांपासून चालू होती, बरोबर दारू किंवा दुसरं काही होतं का. याचं खरं उत्तर द्या, घरातली गोष्ट बाहेर जाईल ही भीती त्या वेळी बाजूला ठेवून.